रामटेके मिस्त्रींचा आरसा

रामटेके मिस्त्रींना चकाकीचा मनस्वी तिटकारा होता, आणि आमच्या शहराला चकाकीचा तेवढाच सोस असल्यामुळे त्यांचे बहुतेक दिवस तुच्छतेत जात. कुठे उद्यानाला स्टीलचे नवे कठडे बसले, कुठे दुकानाला झगमगीत फाटक लागले, की ते थांबत. दंतवैद्याकडे असतो तसला लांब दांडीचा, रुपयाएवढा आरसा शर्टाच्या खिशातून काढत, भर रस्त्यात एक गुडघा टेकत आणि आरसा कठड्याखाली धरून मान वाकडी करून पाहत. मग उठत, गुडघ्यावरची धूळ झटकत आणि म्हणत, "वरतून नवरदेव, खालतून उघडा."

धातूच्या दोन तुकड्यांचा जोड वरून कसा दिसतो याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. वरची बाजू त्यांच्या मते गिऱ्हाइकासाठी असते; भार खालची बाजू सोसते. ही कसोटी ते सर्वत्र लावत. लग्नाच्या मांडवात खुर्ची उलटी करून तिचे पाय तपासल्याशिवाय ते बसत नसत. त्यांच्या पत्नी सुमनताई एकदा मला म्हणाल्या, की माझी पोळीसुद्धा हे उलटवूनच खातात. संसार म्हातारा झाला, पण मला अजून पास केलं नाही. त्या हे हसत म्हणाल्या. मिस्त्री हसले नाहीत.

त्यांना जाऊन आता वर्ष होत आले. त्यांच्या शोकसभेत एका वक्त्याने त्यांचा उल्लेख 'मृदुभाषी आणि सर्वांशी जुळवून घेणारे' असा केला. सभेत उठून हरकत घेणे माझ्या स्वभावात नाही. लिहिण्याचा नाद मला निवृत्तीनंतर लागला आणि बोलण्याचा तर कधीच लागला नाही. परंतु त्या वाक्यावर कोणीतरी बफ मारला आहे, म्हणजे ते चाकावर घासून चमकवले आहे, हे माझ्या ध्यानात आले, आणि त्याची खालची बाजू दाखवणे हे निदान माझे काम आहे असे वाटले.

रायपूरच्या तात्यापारा भागात आमच्या घरामागच्या गल्लीत त्यांची पत्र्याची शेड होती. मूळचे भंडाऱ्याकडचे, वडील रेल्वेत लागले म्हणून कुटुंब रायपूरला आले, आणि मिस्त्रींनीही रेल्वेच्याच वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात वेल्डर म्हणून सारी नोकरी काढली. शेडमध्ये खुर्ची एकच होती, तीही त्यांची स्वतःची. येणाऱ्याने उलट्या पिंपावर बसायचे. भिंतीवरच्या खिळ्यांना तुटलेल्या वस्तू टांगलेल्या असत: चिरलेले नळकांडे, पट्टीचा दुभंगलेला कान, मधोमध उकललेला जोड. प्रत्येकीखाली खडूने तुटण्याचे कारण लिहिलेले. चांगल्या वस्तू कुठे ठेवता, असे मी एकदा विचारले. "चांगल्या कामावर गेल्या," ते म्हणाले. "घरी राह्यते ते नापास."

आमची ओळख त्यांनीच करून घेतली, म्हणजे एका दुपारी ते दारात उभे राहिले आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. पडद्यावर इंग्रजी मजकूर होता. मला वेळ आहे का, हे त्यांनी विचारले नाही.

"सर, तुम्ही इंग्रजी वाचता म्हणे," ते म्हणाले. "का नुसतं शिकवता?"

मी पदार्थविज्ञान शिकवत असे, हे सांगण्याचा धीर मला झाला नाही. मी वाचू लागलो.

मजकूर विमानांविषयी होता. परदेशात काही हौशी लोक आपल्या घराच्या आवारात छोटी विमाने बांधतात आणि त्यांना मोटारगाडीतून काढलेली रोटरी जातीची इंजिने बसवतात. या इंजिनात खालीवर होणारे दट्टे नसतात. अंड्यासारख्या पोकळीत एक तिकोनी लोखंड गरगरत असते. इंजिन आटोपशीर आणि हलके, पण ते मोटारीसाठी जन्मलेले. विमानाच्या नाकात ते बसवायचे, तर त्याला हवा पोहोचवणारे नळ, ज्यांना इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात, ते बाजारात मिळत नाहीत. ज्याचे त्याने बनवावे लागतात. मिस्त्री त्या वस्तूला 'नरडं' म्हणत. नरड्याला केसाएवढी भेग गेली, तर इंजिन तिथून चोरटी हवा ओढते, पेट्रोलचे प्रमाण बिघडते, इंजिन तापते आणि गप्प होते. मोटार अशा वेळी रस्त्याच्या कडेला उभी राहते. विमानाला कड नसते.

ही उठाठेव रायपुरात येण्याचे कारण एक शेठजी होते. शहराबाहेर सिलतऱ्याच्या औद्योगिक भागात त्यांचा लोखंडाचा कारखाना. त्यांचे तिशीतले चिरंजीव मोनूभैया यांनी कोणा कंटाळलेल्या गृहस्थाकडून दोन आसनांचे अर्धवट विमान आणि परदेशातून एक जुने रोटरी इंजिन आणवले होते. अभनपूरच्या अलीकडे शेठजींच्या शेतात मुरूम दाबून धावपट्टी केली होती आणि तिच्या टोकाशी एक शेड. परवानग्यांचे कागद शेठजींची माणसे फिरवीत होती. विमान स्वतः उडवायचे, ही मोनूभैयांची हौस होती. ते विमान चालवायला शिकले होते. बनवायला शिकले नव्हते.

पहिले नरडे कारखान्यातच तयार झाले होते. ते इतके चकचकीत होते, की त्यात आपला चेहरा पाहून भांग पाडता आला असता. तिसऱ्यांदा इंजिन चालवले आणि नरडे मुळाशी चिरले. कोणीतरी रामटेक्यांचे नाव सुचवले, त्यांना गाडीतून अभनपूरला नेले, आणि इंग्रजी वाचायला म्हणून त्यांनी मला पिंपावरून उचलून बरोबर घेतले.

चिरलेल्या नळाकडे त्यांनी अगदी थोडा वेळ पाहिले. नळाच्या टोकाला हवेची झडप लोंबत होती, आणि तिचा भार पेलण्यासाठी एक सुबक पट्टी विमानाच्या सांगाड्याला बांधली होती. ती पट्टी त्यांनी बोटाने वाजवली.

"इंजिन नाचते," ते म्हणाले. "सांगाडा बसून राह्यते. आन मधात याचा हात दोघायनं धरला. तुटन नाही तं काय करन?"

शेठजींच्या कारखान्याचे अभियंते तिथे उभे होते. त्यांच्यापैकी एकाने, गणित करूनच पट्टी लावली होती, असे नम्रपणे सांगितले. मिस्त्रींनी त्याच्याकडे नव्हे, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, की गणिताच्या पेपरात यांना इंजिन बंद दिलं होतं का. मी खाली पाहिले.

मोनूभैया मात्र हसले. "काका, आप बना दोगे?" त्यांनी विचारले. घरी मराठी ऐकत वाढलेली आमच्याकडची पोरेही आता हिंदीतच उत्तर देतात. मोनूभैयांचा तर मराठीशी संबंध नव्हता. पण मिस्त्री त्यांच्याशी मराठीतच बोलत आणि त्यांना सगळे कळे.

"बनवून देईन," मिस्त्री म्हणाले. "पण तू मधात बोलू नको, आन तुझ्या बापाले चमकवू देऊ नको."

हीच त्यांची अट होती. ती कोणी गांभीर्याने घेतली नाही.

पुढचे काही महिने मी त्यांच्यासाठी परदेशी लोकांची पाने वाचत होतो. त्या लोकांविषयी त्यांचे मत झटकन बनत असे. एका गृहस्थाने आपल्या लखलखीत नरड्याची पानभर छायाचित्रे दिली होती. ती मिस्त्रींनी बोटाने भराभर वर सरकवली. दुसऱ्या कोणी एकच छायाचित्र दिले होते, तेही चिरलेल्या जोडाचे, आणि खाली लिहिले होते, की चूक माझी, मी घाईने थंड केले. तिथे त्यांचे बोट थांबले. "याचं सगळं वाचा," ते म्हणाले. "हा खरा मिस्त्री हाय. तुटलेलं दाखवते." तो कोण, कुठला, त्यांना कधी कळले नाही, पण पुढे काही अडले, की "तो तुटकावाला काय म्हणते पाहा," असे ते मला सांगत. एखाद्या माणसाविषयी आदर दाखवण्याची त्यांची ही परिसीमा होती.

त्यांचे काम पाहणे हे मला तोवर अपरिचित असलेले शिक्षण होते. इंजिनाला भिडणारी चपटी बैठक, जिला फ्लँज म्हणतात, ती त्यांनी करंगळीएवढ्या जाड ॲल्युमिनियमची घेतली. वेल्डिंगच्या उष्णतेने ती वाकडी होऊ नये म्हणून आधी तिला तिच्याहून जाड लोखंडी पाटावर बोल्टांनी आवळले, मग नळ जोडले, आणि जोडून झाल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत बोल्टांना हात लावला नाही. वेल्डची रांग वेणीच्या पेडांसारखी उंच आणि खरबरीत उठली होती. ती कानशीने सारखी करायची नाही का, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी मला, आईच्या पोटावरचा टाका तुम्ही घासून काढला असता का, असे उलट विचारले. बैठक सपाट आहे याची खात्री त्यांनी काचेवर पॉलिश पेपर पसरून, तिच्यावर ती तासन्‌तास फिरवून करून घेतली. मधल्या नळात रबरी जोड घातला, म्हणजे एकाची थरथर दुसऱ्याला लागू नये. झडपेला आधार दिला तो सांगाड्याचा नव्हे, इंजिनाचाच. "जो नाचते त्यालेच धरायचं," ते म्हणाले.

मग तोंडे बंद करून, सायकलच्या पंपाने हवा भरून, ते सारे त्यांनी घरच्या कूलरच्या टाकीत बुडवले. बुडबुडा येतो का हे पाहण्यासाठी ते टाकीपाशी इतका वेळ बसले, की सुमनताईंनी आज कूलर मिळणार आहे की नाही असे दोनदा विचारले. मे महिना होता. एकही बुडबुडा आला नाही. त्यांनी समाधानही व्यक्त केले नाही.

त्याच मे महिन्यात खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयातले एक प्राध्यापक शेडमध्ये आले. शेठजींनी त्यांना सल्लागार नेमले होते. त्यांनी संगणकावर आकृती काढून, यंत्रातून प्लास्टिकचे एक नरडे छापून आणले होते; अंगाला गुळगुळीत, वळणे रेखीव, आणि रंग सुद्धा छान निळा. वजन निम्म्याहून कमी, ते म्हणाले, आणि मनुष्याच्या हाताची चूक नाही. मिस्त्रींनी ते हातात घेतले, आरसा काढून आतून पाहिले, आणि कधी नव्हे ते गोड आवाजात प्राध्यापकांना बसायला सांगितले. मग शिडी लावून ते नरडे शेडच्या पत्र्यावर ठेवून आले. चहा झाला. प्राध्यापक हवेच्या प्रवाहाविषयी बोलले, चांगले बोलले. दुपार कलल्यावर मिस्त्रींनी शिडी लावून ती वस्तू खाली आणली. भाजलेल्या वांग्यासारखी ती मान टाकून बसली होती.

"इंजिन तं अजून चालू बी नाही केलं, साहेब," मिस्त्री म्हणाले. "हे नुसतं रायपूर हाय."

प्राध्यापक म्हणाले, की हा केवळ नमुना होता. ती वस्तू त्यांनी परत नेली नाही. भिंतीवर एक खिळा वाढला. खाली खडूने लिहिले गेले: ऊन.

नरडे पावसाळ्यात विमानाला बसले आणि इंजिन त्याच्यावर तासांवर तास जमिनीवर चालले. प्रत्येक वेळी मिस्त्री आरसा घेऊन खाली शिरत. भेग शोधायची त्यांची रीत रेल्वेतली होती: जोडावर लाल रंग फवारायचा, पुसून टाकायचा, मग पांढरी भुकटी फवारायची. भेग असेल तर तिच्यात लपलेला लाल रंग पांढऱ्यावर रेघ होऊन वर येतो. रेघ येत नव्हती. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता, म्हणून जाडी मोजायच्या व्हर्नियरवरचा आकडा आणि आरशातली रेघ पाहायला ते मला बोलावत. माझ्या पाहण्यावर त्यांचा विश्वास होता असे मात्र नव्हे.

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी सिलतऱ्यात यंत्रे थांबतात. आदल्या दिवशी सारे धुऊन, रंगवून, पुसून ठेवतात. हत्यारे ओळीने मांडून त्यांना कुंकू लावतात, फुले वाहतात, आणि दिवसभर त्यांना कोणी स्पर्श करत नाही. नव्या यंत्राचा शुभारंभ मात्र त्याच दिवशी करणे शुभ समजले जाते. ही सोय कोणी काढली मला ठाऊक नाही, पण शेठजींना ती पसंत होती. अभनपूरच्या शेडपुढे मांडव घातला, पाहुणे बोलावले, आणि परवानग्या हातात यायच्या आधीच, आरतीनंतर मोनूभैया विमान पहिल्यांदा हवेत नेतील असे ठरले.

मी लवकर पोहोचलो होतो. विमानाच्या नाकाचे झाकण पाहुण्यांना दिसावे म्हणून उघडे ठेवले होते आणि आत नरडे चांदीच्या भांड्यासारखे लखलखत होते. मला ते सुंदर वाटले. तसे मी शेजारच्या गृहस्थांना म्हणालोही. ते वाक्य मला आजही परत घ्यावेसे वाटते.

मिस्त्री पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टात आले. पूजाबिजा त्यांच्या घरात नव्हती. त्यांची वंदना बुद्धाची. पण दुसऱ्याच्या पूजेला ते जात, बाजूला उभे राहत आणि प्रसाद घेत. विमानाजवळ येताच ते थबकले. आरसा काढायचीही गरज पडली नाही. त्यांनी नळाच्या मुळाशी अंगठा फिरवला. वेणीचे पेड नाहीसे झाले होते. कारखान्यातल्या पॉलिशवाल्यांनी पूजेसाठी बफ मारून प्रत्येक जोड नळाशी सपाट केला होता, आणि बफचे चाक जिथे जास्त दाबले गेले तिथे नळही घासला होता.

त्यांनी प्रथम हळूच मोनूभैयांना सांगितले, की आज नको. मग शेठजींना सांगितले, की वीस दिवस द्या, नवीन करून देतो. शेठजी हात जोडूनच होते, ते तसेच ठेवून म्हणाले, "मिस्त्रीजी, आज के दिन टोकते नहीं." निदान रंग मारून तपासू द्या, मिस्त्री म्हणाले. त्याचा उपयोग होणार नाही हेही त्यांनीच सांगितले: मऊ धातूवर बफ मारला की भेग मरत नाही, झाकल्या जाते. तेव्हा काढून पाहावे लागेल. पण नट सैल करायला पाना हवा, आणि पान्याला त्या दिवशी कोण हात लावणार?  पंडितजींनी घड्याळ पाहिले. सल्लागार प्राध्यापकांनी मत दिले, की एका फेरीपुरते चालून जाईल. हे प्राध्यापक त्या एका फेरीत बसणार नव्हते.

मोनूभैयांच्या गळ्यात हार होता. ते वडिलांकडे पाहत होते आणि मिस्त्रींकडे पाहत होते, आणि शेवटी हार सावरून विमानाकडे निघाले.

मिस्त्री हत्यारांच्या ओळीपाशी गेले. धातू कापायच्या आरीवरचे झेंडूचे फूल त्यांनी उचलून नीट शेजारच्या हातोडीवर ठेवले. आरी घेऊन ते विमानाच्या नाकाशी आले आणि स्वतःच्या हाताने केलेल्या नरड्यावर, बरोबर जोडाच्या रेषेत, ती चालवू लागले. ॲल्युमिनियम मऊ असते. काय चालले आहे ते लोकांना उमगेपर्यंत नळ तुटला होता. रबरी जोडातून त्यांनी तो ओढून काढला. मांडवात कोणीतरी भजनाचा भोंगा बंद केला.

त्यांनी खिशातून व्हर्नियर काढले, कापलेल्या कडेला लावले आणि माझ्यापुढे धरले.

"वाचा, सर."

नळाची भिंत दोन मिलिमीटरची होती, हे मला पाठ होते. मी आकडा वाचला. तो शून्य दशांश सहा होता.

"मोठ्यानं वाचा. आयुष्यभर शिकवलं ना?"

मी पुन्हा वाचला. तेवढ्यात कोणीतरी भजनाचा भोंगा परत लावला आणि माझा आवाज, जो मुळातच फारसा नव्हता, त्यात बुडाला. पाहुण्यांना आकडा ऐकायचाच नव्हता. पूजेच्या दिवशी आरी चालली, एवढेच त्यांनी पाहिले होते, आणि तेवढे त्यांना पुरेसे होते. शेठजींनी मिस्त्रींना जायला सांगितले. शब्द सभ्य होते, आवाज तसा नव्हता. एकटे मोनूभैया जवळ आले. त्यांनी नळाची कड अंगठ्याच्या नखाने दाबली. ती कागदाच्या पुठ्ठ्यासारखी आत गेली. त्यांनी गळ्यातला हार काढला आणि तो कुठे ठेवावा हे न कळून हातातच धरून उभे राहिले.

त्यानंतर सिलतऱ्यातले काम मिस्त्रींना मिळेनासे झाले. ज्या शहरात पुलाला तडा गेला तर रंगाचा हात देतात, तिथे एका माणसाने सणाच्या दिवशी हत्याराला हात लावला याची चर्चा महिनाभर पुरली. 'ते लोक मानतच नाहीत' असेही काहींनी म्हटले. म्हणणाऱ्यांपैकी दोघे माझे शिकवलेले होते. मी मिस्त्रींना हे सांगितले नाही. त्यांना ठाऊक होते. ते एवढेच म्हणाले, की पूजा करा ना बाप्पा, कोण नाही म्हणते, पण माझ्या वेल्डले पावडर काहून लावता? कापलेला नळ खिळ्यावर गेला.  खाली त्यांनी खडूने लिहिले: माणसं.

दिवाळीनंतर मोनूभैया एकटेच गल्लीत आले. गाडी त्यांनी लांब लावली होती. ते पिंपावर बसले, भिंतीवरच्या नळाकडे पाहिले आणि म्हणाले, "काका, एक और बना दो. पापा को मैं देख लूँगा."

"तू नाही पाहत," मिस्त्री म्हणाले. "तू बापाकडे पाह्यते."

  मग त्यांनी खिशातला आरसा काढून मोनूभैयांच्या हातात दिला आणि भिंतीवरची एकेक वस्तू खालून पाहायला लावली. कुठून तुटले, का तुटले, खडूने लिहिलेले न वाचता सांग, म्हणाले. मोनूभैयांची उत्तरे चुकत होती. ते पुन्हा आले, आणि पुन्हा. हिवाळाभर येत राहिले. आपला मुलगा कुठे जातो हे शेठजींना कळले असणार. त्यांनी विचारल्याचे ऐकिवात नाही. एके दिवशी एका जोडाकडे आरशातून पाहून मोनूभैया म्हणाले, की हा आतून भरलाच नाही, वरून चिकटवला आहे.  दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी लोखंडी पाट पुसून ठेवला होता.

दुसरे नरडे पहिल्यासारखेच झाले. फक्त जोड सोडून बाकीच्या अंगावर त्यांनी काळपट राखाडी रंगाचा पातळ हात दिला. धातू खराब होऊ नये म्हणून का, असे मी विचारले. "शेठसाठी," ते म्हणाले.

परवानग्या आल्या. उन्हाळा लागायच्या आत एका सकाळी, कोणताही मांडव न घालता, विमान मुरमावरून धावले आणि उठले. शेतातली माणसे, शेडवरचा चौकीदार, मी, आम्ही सगळे माना वर करून उभे होतो. मिस्त्री वर पाहत नव्हते. ते धावपट्टीच्या कडेला उकिडवे बसून, डोळे मिटून, आवाज ऐकत होते. विमानाने शेतांवरून वळसा घेतला, आणखी एक घेतला, आणि खाली आले. मोनूभैया उतरले. शेठजींची गाडी तेवढ्यात पोहोचली. त्यांनी मुलाला पोटाशी धरले आणि बराच वेळ सोडले नाही. त्या दिवसापुरता मला त्यांचा राग आला नाही. मग डोळे पुसून त्यांनी नाकाच्या उघड्या झाकणातून आत पाहिले आणि म्हणाले, "इसको थोड़ा चमका देते, फोटो के लिए."

"पापा," मोनूभैया म्हणाले, "हाथ मत लगाना."

मिस्त्रींनी इकडे लक्ष दिले नाही. इंजिन निवेपर्यंत ते चाकाला टेकून बसले, कोणी आणलेला चहा घेतला, पेला उलटा करून त्याचा तळ पाहिला. मग लाल रंग फवारला, वाट पाहिली, पुसला, पांढरी भुकटी मारली. पाठीवर झोपून ते इंजिनाखाली शिरले आणि आरसा जोडाखाली धरला. हात स्थिर होता. डोळे मात्र आता कामाचे राहिले नव्हते. त्यांनी दुसऱ्या हाताने मला खाली खेचले. इस्त्रीच्या कपड्यांनिशी मी मुरमावर आडवा झालो. रुपयाएवढ्या आरशात जोडाची खालची बाजू दिसत होती, वेणीच्या पेडांसारखी, पांढऱ्या भुकटीने माखलेली. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिले, आणि पुन्हा उलट पाहत आलो.

"लाल दिसते का काही, सर?"

"नाही," मी म्हणालो, आणि माझा आवाज शेडच्या पत्र्यावर आपटून परत आला. 

मिस्त्रींनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. त्यांच्या कपाळावर पांढरी भुकटी सांडली होती.

"ओरडून काहून राहिले?" ते म्हणाले. "बहिरा नाही मी."